चेहऱ्याला ॲसिड लावायचं, पण कोणतं?

मेडिकलमध्ये भोवरीची पट्टी मिळते. तळव्याला रुतणाऱ्या भोवरीवर ती दोन-तीन दिवस चिकटवून ठेवली की कडक कातडी पांढरी, मऊ पडते आणि सोलून निघते. त्या पट्टीत ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं. त्याच कपाटात खालच्या फळीवर गजकर्णाचं जुन्या पद्धतीचं मलम असतं. त्यात हेच ॲसिड ३ टक्के, सोबत बेन्झोइक. आणि दर्शनी काचेच्या कपाटात मुरुमांचं सीरम असतं, त्यात सॅलिसिलिक २ टक्के.

एकच रसायन, तीन कामं. मी फार्मासिस्ट आहे, काउंटरच्या आत उभं राहून रोज हे तिन्ही विकते. भोवरीची पट्टी गालाला लावायचं कुणाच्या मनातही येत नाही. पण "ताई, चेहऱ्याचं ॲसिड द्या ना" असं मात्र रोज कुणीतरी मागतं. कोणतं, असं विचारलं की मोबाइल पुढे येतो, त्यात कुणाच्या तरी चकचकीत गालाचं रील. त्या गालाला काय मानवलं ते तुमच्या गालाला मानवेलच असं नाही. ते का, हे नीट कळलं की बाटली निवडणं फारसं अवघड राहत नाही.

आधी कातडीत काय चालतं ते पाहू. आपल्याला दिसतो तो कातडीचा सगळ्यात वरचा पदरच मुळात मृत पेशींचा असतो. चपट्या पेशींचे साधारण पंधरा-वीस थर, एकावर एक. पेशी म्हणजे विटा, त्यांच्या मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे गिलावा, आणि विटेला वीट धरून ठेवणारे बारीक दुवे. खालून नवी पेशी तयार होते, वर सरकते, शेवटी गळून पडते. तरुणपणी या सगळ्या प्रवासाला महिनाभर लागतो, वय वाढेल तसा जास्त. गळून पडण्यासाठी ते दुवे तुटावे लागतात, आणि ते तोडायला कातडीकडे स्वतःची एन्झाइम्स असतात. या एन्झाइम्सना काम करायला ओलावा लागतो. कातडी सुकली की ती मंदावतात, दुवे तुटत नाहीत, पेशी झुंबरासारख्या लोंबत राहतात. त्यालाच आपण "चेहऱ्यावर कोंडा आलाय" म्हणतो.

ॲसिड इथे काय करतं? अनेकांच्या डोळ्यांसमोर चिंचेने घासलेला तांब्या असतो: आंबट लावलं, काळं गेलं, खालून लखलख निघालं. कातडीचं तसं नाही. ॲसिड मळ विरघळवत नाही आणि रंगही धुऊन काढत नाही. ते पेशींमधले दुवे सैल करतं, इतकंच. जी पेशी चार दिवसांनी गळणार होती, ती आज गळते. प्रमाणात झालं तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो, प्रकाश नीट परततो, तोंड बंद झालेली रंध्रं मोकळी होतात. प्रमाणाबाहेर झालं तर ज्या पेशी अजून पहारा देत होत्या त्याही जातात. मग साधं पाणी लावलं तरी चुणचुणतं.

१९७४ साली अमेरिकेतल्या यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांनी या ॲसिडांवर पहिला महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला, तो इक्थिओसिसवर. या आजारात अंगावर माशासारखे खवले धरतात. सौंदर्याशी त्याचा काही संबंध नव्हता. जाड साचलेली कातडी सोडवायचं हे औषध होतं. ज्याच्या कातडीत असं साचलेलं काही नाही, त्याला या औषधाची गरजही कमी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता ॲसिडांची नावं. एक घराणं पाण्यात विरघळणाऱ्यांचं, बाटलीवर "एएचए" लिहिलेलं असतं. त्यात ग्लायकोलिक, लॅक्टिक आणि मँडेलिक ही तीन नेहमीची. ग्लायकोलिक उसाच्या रसात आढळतं, लॅक्टिक दह्यात, मँडेलिक मूळ कडू बदामातून मिळालं. बाटल्यांमधलं ॲसिड बहुतेक कारखान्यातच तयार होतं, त्याने काही बिघडत नाही. फरक पडतो तो रेणूच्या आकाराने. ग्लायकोलिकचा रेणू सर्वांत लहान, वजन ७६. लॅक्टिकचं ९०, मँडेलिकचं १५२. लहान रेणू झटकन आणि खोल घुसतो, मोठा हळूहळू शिरतो. म्हणजे ग्लायकोलिकचा परिणाम लवकर दिसतो आणि चटकाही लवकर बसतो.

दुसरं, सॅलिसिलिक. बाटलीवर "बीएचए". विलो झाडाच्या सालीतल्या द्रव्याशी त्याचं नातं आहे, आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतं ना, त्याच कुळातलं झाड. ॲस्पिरिन हे त्याचंच भावंड. ते तेलात विरघळतं, म्हणून तेलाने भरलेल्या रंध्रात उतरू शकतं. ग्लायकोलिकला ते जमत नाही. तिसरं घराणं मोठ्या रेणूंचं, "पीएचए": ग्लुकोनोलॅक्टोन, लॅक्टोबायोनिक. ही सगळ्यांत सौम्य, शिवाय पाणी धरून ठेवणारी. आणि या घराण्यांच्या बाहेरचं ॲझेलेइक ॲसिड. ते साल काढण्यात मंद आहे, पण पुळ्या, लाली आणि डाग या तिन्हींवर काम करतं. त्याची जाहिरात कमी होते, हे मला खटकतं.

टक्केवारीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळे तिथेच फसतात. समजा दोन बाटल्या आहेत, दोन्हींवर ग्लायकोलिक १० टक्के लिहिलंय. एकीचा पीएच ३.६, दुसरीचा ४.५. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त. ॲसिड "मोकळ्या" रूपात असेल तरच कातडीत शिरून काम करतं. पीएच वाढला की ते बांधलेल्या, म्हणजे मिठाच्या रूपात जातं आणि बरंचसं निवांत पडून राहतं. ग्लायकोलिकच्या बाबतीत पीएच ३.८ च्या आसपास निम्मं मोकळं, निम्मं बांधलेलं असतं. हिशेब केला तर पहिल्या बाटलीत दहापैकी सव्वासहा टक्के ॲसिड मोकळं निघतं, दुसरीत जेमतेम पावणेदोन. लेबलवरचा आकडा तोच, ताकद मात्र साडेतीन पट! म्हणून "मी आधी १० टक्केच वापरत होते, काही झालं नाही" असं म्हणून दुसऱ्या कंपनीचं १० टक्के बिनधास्त लावू नका. पीएच छापलेला असेल तर वाचा. छापलेला नसेल तर ती बाटली तुमच्यासाठी नवीनच आहे असं धरून चाला. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन-घटकांच्या तज्ज्ञ मंडळाने १९९८ साली घरगुती वापरासाठी सुरक्षित मर्यादा सांगितली, ती अजूनही चांगली खूणगाठ आहे: ग्लायकोलिक-लॅक्टिक १० टक्क्यांपर्यंत, पीएच ३.५ किंवा त्याहून जास्त, आणि सोबत उन्हापासून संरक्षण.

याच मापाने लिंबू पाहा. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण २ ते २.५. पीएचमध्ये एकचा फरक म्हणजे आंबटपणात दहापट फरक. "घरगुती आहे, काही होत नाही" म्हणत लिंबू गालावर चोळणं म्हणजे बाटलीतल्या ॲसिडापेक्षा दहापट-वीसपट आंबट पदार्थ मोजमाप न करता लावणं. त्यात लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं उन्हाशी मिळून फोड आणतात आणि मागे काळे ओघळ ठेवतात. सरबत करताना हातावर उडालेल्या रसानेसुद्धा असे डाग पडलेले मी पाहिले आहेत. दही-बेसनाची गोष्ट वेगळी. दह्यात लॅक्टिक ॲसिड एखाद टक्का, पीएच साडेचारच्या घरात, मोकळं ॲसिड नावापुरतं. त्याने फारसं काही होत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. आवडत असेल तर खुशाल लावा, फक्त बेसन वाळल्यावर खरवडून काढू नका.

आपल्या कातडीचा रंग हा या निवडीतला सर्वांत मोठा मुद्दा आहे, आणि परदेशी व्हिडिओंत तो बहुधा नसतोच. गव्हाळ, सावळी, काळी कातडी जखमेला रंगाने उत्तर देते. गोऱ्या कातडीवर जळजळ झाली तर लाली येते, आठवड्यात जाते. आपल्याकडे पुळी जाते, डाग राहतो, तो महिनोन्‌महिने. डाग घालवायला लावलेल्या ॲसिडाने जळजळ केली तर नवा डाग तयार होतो. त्यामुळे माझा नियम असा की आपल्या कातडीसाठी परिणाम हळू दिसणारं ॲसिडच बरं.

माझ्या भाचीचं सांगते. साखरपुड्याला तीन आठवडे होते. तिने ३० टक्के ॲसिडाचं लाल पील मागवलं, दहा मिनिटं लावून धुवायचं असतं ते. पहिल्या वेळी छान वाटलं, म्हणून एक दिवसाआड लावलं. मध्ये ओठाच्या वर वॅक्सिंग केलं आणि त्याच रात्री पुन्हा पील. सकाळी तिने व्हिडिओ कॉल केला. "मावशी, बघ ना, चेहरा ओढतोय." ओठाच्या वर कच्च्या मांसासारखी लाल पट्टी, गालांच्या उंचवट्यावर कागदासारखी चकाकी. ती चकाकी पाहून तिला आदल्या दिवशी वाटलं होतं की ग्लो आला. तो ग्लो नव्हता, वरचा पदर पातळ होऊन ताणला गेला होता. लाली दहा दिवसांत गेली. ओठावरची तपकिरी पट्टी जायला पाच महिने लागले. साखरपुड्याच्या फोटोत तिने चेहरा एका बाजूला वळवलेला आहे, तो फोटो पाहिला की मला अजून वाईट वाटतं.

आता कुणाला काय ते पाहू.

चेहरा तेलकट असेल, दुपारपर्यंत कपाळ-नाक चमकत असेल, काळी टोकं आणि बारीक दाणे असतील तर सॅलिसिलिक. सुरुवात अर्ध्या किंवा एक टक्क्याने, पुढे लागलं तर दोन. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ते मानवतं. फेसवॉशमधलं सॅलिसिलिक मिनिटभरात धुऊन जातं, म्हणून नाजूक कातडीच्या नवख्याला तिथून सुरुवात करणं चांगलं, पण फार अपेक्षा ठेवू नये. कपाळावर केसांच्या रेषेजवळच दाणे येत असतील तर आधी रात्री चोपडलेल्या खोबरेल तेलाकडे बघा. तेल तसंच ठेवून ॲसिड लावत राहणं म्हणजे गळक्या नळाखाली फरशी पुसणं. आणि मोठ्या, दुखऱ्या, खोल गाठींच्या मुरुमांना कुठलंही सीरम पुरत नाही. त्यांचे खड्डे राहतात, लवकर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर सॅलिसिलिक नको. गरोदरपणात अंगभर किंवा पीलसारखं जोरकस वापरू नका. त्या काळात मुरुम-डागांसाठी डॉक्टर बहुधा ॲझेलेइकच सुचवतात.

कोरड्या कातडीला आधी ॲसिड नकोच. मघाशी सांगितलेली एन्झाइम्स आठवा. ओलावा मिळाला की ती स्वतःच कामाला लागतात. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा पुण्याच्या थंडीत चेहऱ्याला कोंडा धरला, तर दोन आठवडे साधा साबण बंद करा आणि ओलसर चेहऱ्यावर ग्लिसरीन-सेरामाइडचं जाडसर क्रीम दोन वेळा लावा. निम्म्याहून जास्त लोकांचं काम तिथेच होतं, हा माझा काउंटरवरचा अनुभव. त्यानंतरही खरखर राहिली तर लॅक्टिक ५ टक्के. लॅक्टिकची क्षारं कातडीच्या स्वतःच्या ओलावा धरणाऱ्या द्रव्यांत असतातच, त्यामुळे ते साल सोडवताना ओलावाही धरतं. दंडाच्या मागे, मांडीवर जे टोचरे बारीक दाणे असतात, पिसं काढलेल्या कोंबडीच्या कातडीसारखे, त्यांनाही लॅक्टिक किंवा युरियाचं क्रीम उपयोगी पडतं. टाचांना युरिया जास्त टक्क्यांचा चालतो, तिथली कातडी जाड.

नाक-कपाळ तेलकट आणि गाल कोरडे, असे चेहरे खूप. त्यांना वाटतं एकच बाटली सगळीकडे लावायला हवी. का बरं? सॅलिसिलिक नाकाला-हनुवटीला, गालांना फक्त क्रीम.

नाजूक चेहऱ्याला, म्हणजे ऊन लागलं, तिखट खाल्लं, साबण बदलला की लाल होणाऱ्या चेहऱ्याला, पीएचए किंवा ॲझेलेइक. एक्झिमा असेल, कातडी फुटलेली असेल तर काहीच नको.

डाग असतील तर कसले ते आधी ठरवा. मुरुमांच्या मागे राहिलेले डाग असतील तर मँडेलिक ५ ते १० टक्के किंवा ॲझेलेइक १० टक्के हे आपल्या रंगासाठी मला सर्वांत पटणारे पर्याय. ग्लायकोलिक इथे दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. वांग असेल, म्हणजे गालांवर, कपाळावर, ओठाच्या वर दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले तपकिरी पट्टे, तर ते नुसत्या ॲसिडाने जात नाही, उलट चिडलं की वाढतं. वांगाला ऊनच नाही तर डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही भडकवतो, म्हणून त्यावर रंगीत सनस्क्रीन लागतं, आयर्न ऑक्साइड असलेलं. औषध डॉक्टरांकडून घ्या.

मानेवरचा काळा, मखमली थर ही आणखी वेगळी गोष्ट. कितीतरी आया मुलींना घेऊन येतात, "घासून घासून थकले हिची मान, मळच निघत नाही." तो मळ नाही. मान, काख, जाडसर आणि काळी होत असेल तर बऱ्याचदा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. त्या मुलीला ॲसिड नको, रक्ताची साखर तपासायला हवी. तिला घाणेरडी म्हणू नका, ती नाही. आणि नायलॉनच्या घासणीने रोज पाठ, खांदे, हाडांचे उंचवटे रगडले की घर्षणानेही तिथे काळपटपणा येतो, तेव्हा घासणं थांबवणं हाच उपाय.

एक धोका आपल्याकडे फार. गोरं करणारं म्हणून शेजारणीने सांगितलेलं मलम वर्षभर लावणारे लोक. त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारने बऱ्याच स्टिरॉइडना शेड्यूल एचमध्ये घातलं, तरी ती हातोहात फिरतात. स्टिरॉइडने पातळ झालेल्या चेहऱ्यावर ॲसिड म्हणजे सोलवटलेल्या जागी मीठ. तुमच्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही लिहिलं असेल, तर ॲसिडाचा विचार बाजूला ठेवा. मलमही एकदम सोडू नका, चेहरा भडकतो. आधी डॉक्टर.

लावायची पद्धत सांगते. आधी कानाच्या मागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन रात्री लावून बघा. मग आठवड्यातून दोनच रात्री, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, पातळ. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या खाचा, ओठांच्या कडा सोडून. वरून क्रीम. मिनिटभर चुणचुण चालते. वाढत जाणारी आग चालत नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवा. त्या रात्री रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं सीरम किंवा क्रीम, नको, स्क्रब तर कुठल्याच रात्री नको. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीचच्या आधी आणि नंतर किमान तीन-चार दिवस बंद. एका वेळी एकच नवी बाटली, आणि महिनाभर तरी तिला संधी द्या. सॅलिसिलिकने सुरुवातीला आतले दाणे वर येतात, नेहमीच्याच जागी येत असतील तर चार-सहा आठवडे थांबता येईल. पण जिथे कधी पुळी नव्हती तिथे खाजरे दाणे आले तर ती बाटली तुम्हाला सोसत नाही.

सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, दोन बोटांच्या लांबीएवढं. अमेरिकेच्या एफडीएने १० टक्के ग्लायकोलिक, पीएच ३.५, चार आठवडे लावून तपासलं तेव्हा कातडीची उन्हाने लाल होण्याची संवेदनशीलता १८ टक्क्यांनी वाढलेली होती, आणि बंद केल्यावर आठवड्यात ती पूर्ववत झाली. ज्यांना सनस्क्रीन परवडत नाही, किंवा शेतात, बाजारात दिवसभर उन्हात काम आहे, त्यांना मी ॲसिड देत नाही. त्यांनी तेच पैसे सनस्क्रीनला किंवा टोपी-ओढणीला द्यावेत.

भाचीचा चेहरा तीन महिने फक्त क्रीम आणि रंगीत सनस्क्रीनवर ठेवला. मग डॉक्टरांना दाखवून ॲझेलेइक १० टक्के, आधी सोमवारी आणि गुरुवारी, पुढे एक दिवसाआड. आता लग्न आहे, डिसेंबरात. हळदीच्या आठ दिवस आधी सगळं बंद करायचं, फक्त क्रीम. तसं तिने कॅलेंडरवर स्वतःच लिहून ठेवलंय.